शेजाऱ्याला दिलेला शब्द आणि निर्यातबंदीची अधिसूचना : महाराष्ट्राच्या खासदारांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेवर निवडून गेलेले 48 आणि राज्यसभेत राज्याचे प्रतिनिधित्व करणारे 19 सन्माननीय सदस्य यांस,

स. न. वि. वि.

कांद्यावरील निर्यातबंदी, निर्यातशुल्क आणि किमान निर्यातमूल्य या प्रश्नांवर आपल्यापैकी अनेकांनी, पक्ष कोणताही असो, संसदेत आणि संसदेबाहेर आवाज उठवलेला आहे. त्या चर्चेत दोन पक्ष नेहमी हजर असतात : नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सोलापूर या जिल्ह्यांतील उत्पादक शेतकरी आणि मोठ्या शहरांतला ग्राहक. सीमेपलीकडे रोख पैसे मोजून हाच कांदा विकत घेणारा शेजारी देश, विशेषतः बांगलादेश, हा तिसरा पक्ष मात्र बहुधा बोलण्यात येतच नाही. हे पत्र त्या तिसऱ्या पक्षाबद्दल आहे, कारण शेजारी राष्ट्रांशी आपण कोणत्या प्रकारचे आर्थिक नाते ठेवू इच्छितो याची खरी परीक्षा शिखर परिषदांपेक्षा अशा अधिसूचनांत होते, असे माझे मत आहे.

मी नाशिक जिल्ह्यातील एका महाविद्यालयात आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकवतो. शेजारी राष्ट्रे आर्थिक आणि राजकीयदृष्ट्या एकत्र का येतात, या प्रश्नावर दुसऱ्या महायुद्धापासून आजपर्यंत जे विचारमंथन झाले त्यातली काही नावे या पत्रात येतील, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. ती येण्याचे कारण असे की, दिल्लीतील धोरणचर्चा नकळत त्यातल्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत कमकुवत सिद्धांतावर उभी असते. त्या सिद्धांताप्रमाणे आधी शेजाऱ्यांत स्नेह वाढतो, संस्कृती, भाषा आणि इतिहास यांचे स्मरण होते, मग व्यापार आपोआप फुलतो. जिथे प्रादेशिक एकत्रीकरण खरोखर झाले तिथला अनुभव याच्या उलट आहे. देशातल्या संघटित हितसंबंधांना गरज भासली म्हणून राष्ट्रे जवळ आली, आणि उद्या आपलेच सरकार आजचा शब्द फिरवू शकणार नाही अशी तजवीज त्यांनी केली म्हणून ती जोडलेली राहिली. दक्षिण आशियात गरज भरपूर आहे. तजवीज मात्र जवळपास कुठेच नाही.

सांस्कृतिक जवळीक पुरेशी असती तर 1947 नंतरचा इतिहास वेगळा घडला असता. फाळणीच्या वेळी भारत आणि पाकिस्तान या दोन देशांत एकच चलन, एकच रेल्वेजाळे, एकाच साच्यातले कायदे आणि एकाच पठडीत तयार झालेले अधिकारी होते. कलकत्त्याच्या गिरण्या पूर्व बंगालच्या (तेव्हा पाकिस्तानात गेलेल्या, आजच्या बांगलादेशच्या) तागावर चालत होत्या आणि त्या तागाला दुसरे मोठे गिऱ्हाईक नव्हते. सप्टेंबर 1949 मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने आपल्या रुपयाचे केले नाही, आणि विनिमयदराच्या या वादावरून दोन्ही देशांतला व्यापार ठप्प झाला. पुढे भारताने आपल्या हद्दीत तागाचे क्षेत्र वाढवले आणि पूर्व बंगालने स्वतःच्या गिरण्या उभ्या केल्या. ज्यांच्यात एका घराची जवळीक होती त्यांनी एकेक पूल मोडत नेला, कारण मतभेद झाल्यास काय करायचे हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नव्हते.

आता सिद्धांतांकडे वळतो. बुखारेस्टमध्ये जन्मलेले आणि ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले डेव्हिड मित्रानी यांनी 1943 मध्ये, ऐन युद्धात, असे मांडले की, जागतिक शांततेसाठी संघराज्याच्या घटना लिहीत बसू नये. रेल्वे, नद्या, टपाल, वीज, आरोग्य अशी एकेक गरज घ्यावी आणि तिच्यापुरती सीमेपलीकडची यंत्रणा उभारावी. राजकारण बाजूला ठेवून तज्ज्ञांनी काम करावे, कामातून सवय लागेल आणि सवयीतून शांतता येईल, असा त्यांचा विश्वास होता. 8 डिसेंबर 1985 रोजी ढाक्यात स्थापन झालेली सार्क ही दक्षिण आशियाई देशांची संघटना या विचाराचे जवळजवळ आज्ञाधारक अपत्य आहे. शेती, हवामान, आरोग्य, टपाल असे निरुपद्रवी विषय तिने हाती घेतले, द्विपक्षीय आणि वादग्रस्त प्रश्न चर्चेतून सनदेनेच वगळले आणि प्रत्येक निर्णय एकमताने घेण्याचा नियम केला. परिणाम आपल्यासमोर आहे. शेवटची शिखर परिषद नोव्हेंबर 2014 मध्ये काठमांडूला झाली. 2016 ची इस्लामाबाद परिषद उरीच्या हल्ल्यानंतर बारगळली आणि पुढची भरलीच नाही. दक्षिण आशियाई देशांच्या एकूण व्यापारात आपसातील व्यापाराचा वाटा 5 टक्क्यांच्या आसपास घुटमळतो, तर आग्नेय आशियात तो साधारण एक चतुर्थांश आहे.

भारत-पाकिस्तान वैरामुळे सार्क बुडाली, हे नेहमीचे स्पष्टीकरण खोटे नाही, पण अपुरे आहे. फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात 1870 ते 1945 या काळात तीन युद्धे झाली होती. 9 मे 1950 रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी दोन्ही देशांचा कोळसा आणि पोलाद एका सामायिक अधिकाराखाली आणण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा शेवटच्या युद्धाला जेमतेम पाच वर्षे झाली होती. पुढच्या वर्षी, 18 एप्रिल 1951 रोजी, पॅरिसमध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी करारावर सह्या केल्या. याही वेळी विषय तांत्रिकच होता. फरक असा की, लक्झेंबर्गला जे उच्चाधिकार मंडळ बसले, ज्याचे पहिले अध्यक्ष जाँ मोने होते, त्याचे निर्णय सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक होते आणि तंटा झाल्यास त्यासाठी न्यायालय होते.

त्या मंडळाच्या कामकाजाचा अभ्यास करून राज्यशास्त्रज्ञ अर्न्स्ट हास यांनी 1958 मध्ये मित्रानींच्या विचारात महत्त्वाची दुरुस्ती केली. सहकार्य आपोआप पसरत नाही. पोलाद कारखानदार, खाणकामगारांच्या संघटना, पक्ष आणि मंडळाचे अधिकारी आपापल्या स्वार्थासाठी ते पुढे ढकलतात, असे त्यांनी दाखवले. याचे एक उदाहरण रेल्वेभाड्याचे आहे. कोळशावरचे सीमाशुल्क गेले तरी सीमा ओलांडणाऱ्या मालाचे भाडे रेल्वे कंपन्या दोन वेगळ्या प्रवासांसारखे आकारत होत्या, त्यामुळे लांब पल्ल्याच्या वाहतुकीची सवलत सीमेवर संपत असे. सीमाशुल्क रद्द झाल्याचा फायदा भाड्यात गडप होतो हे कारखानदारांच्या लक्षात आले, त्यांनी तगादा लावला, आणि वाहतूक हा विषय सामायिक बाजाराच्या कक्षेत ओढला गेला. एका क्षेत्रातले एकत्रीकरण दुसऱ्या क्षेत्रात ओसंडते ते असे. भारत-बांगलादेशच्या पेट्रापोल-बेनापोल सीमेवर गाडीतून गाडीत माल उतरवण्याचा खर्च आणि दिवसेंदिवस उभ्या असलेल्या ट्रकांचे भाडे ज्यांनी भरले आहे, त्या व्यापाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. त्यांच्याकडे तगादा आहे. तो ऐकण्याचे बंधन असलेले मंडळ नाही.

हास यांचा उत्साह फार काळ टिकला नाही. जुलै 1965 मध्ये अध्यक्ष द गॉल यांनी फ्रान्सचे प्रतिनिधी युरोपीय समुदायाच्या ब्रुसेल्समधील बैठकांतून काढून घेतले आणि सहा महिने खुर्ची रिकामी ठेवून आपला नकाराधिकार व्यवहारात मान्य करवून घेतला. स्टॅनली हॉफमन यांनी लगेच दाखवून दिले की, सुरक्षा आणि प्रतिष्ठा यांचा प्रश्न आला की राष्ट्र-राज्य आपली सत्ता सोडत नाही. हास यांनीही 1975 मध्ये प्रादेशिक एकत्रीकरणाचा सिद्धांत, स्वतःचा धरून, कालबाह्य झाल्याचे लिहिले. असा प्रामाणिकपणा आमच्या व्यवसायात फारसा आढळत नाही. पुढे अ‍ॅलन मिलवर्ड या इतिहासकाराने सरकारी दप्तरे धुंडाळून निराळेच चित्र मांडले. युरोपातील सरकारांनी एकत्र येण्याचा मार्ग राष्ट्र-राज्य विसर्जित करण्यासाठी धरला नव्हता. युद्धाने खिळखिळे झालेले आपापले राज्य वाचवण्यासाठी, म्हणजे शेतकऱ्याला भाव, कामगाराला रोजगार आणि नागरिकाला कल्याणकारी योजना देता याव्यात यासाठी, त्यांनी तो धरला. बेल्जियमच्या तोट्यातल्या खाणी एकाएकी बंद पडू नयेत म्हणून जर्मन आणि डच कोळशावर आकार लावून त्यांना मदत दिली गेली, ही त्या सौद्याची एक बाजू होती.

अँड्र्यू मोरावसिक यांनी 1990 च्या दशकात या सगळ्याला एक सूत्रबद्ध रूप दिले, आणि आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळचे तेच आहे. त्यांच्या मते प्रत्येक मोठा टप्पा तीन पायऱ्यांनी घडतो. देशातले संघटित आर्थिक गट सरकारला काय हवे ते ठरवतात. सरकारे एकमेकांशी घासाघीस करतात आणि ज्याला कराराची गरज जास्त तो जास्त सोडतो. शेवटी सगळी सरकारे मिळून काही अधिकार सामायिक संस्थेकडे सोपवतात. हा शेवटचा भाग विचित्र वाटतो. बलवान सरकार स्वतःचे हात का बांधून घेईल? कारण न बांधलेल्या हातांच्या वचनाला किंमत नसते. उद्या निवडणूक आली, भाव भडकले, मंत्री बदलले तरी करार पाळला जाईल, अशी खात्री पटली तरच पलीकडचा व्यापारी गोदाम बांधतो आणि पलीकडचे सरकार स्वतःच्या देशात तेच पीक महागात घेण्याचा हट्ट सोडते.

ही खात्री कशी दिसते ते एका डच वाहतूक कंपनीच्या खटल्यात पाहता येते. व्हान हेंड एन लोस ही ती कंपनी. 1960 मध्ये तिने पश्चिम जर्मनीतून एक रसायन आणले. डच सरकारने वर्गवारी बदलल्यामुळे त्यावरचे शुल्क 3 टक्क्यांवरून 8 टक्के झाले होते, आणि युरोपीय आर्थिक समुदाय स्थापन करणाऱ्या रोमच्या करारात तर सदस्य राष्ट्रांनी आपसातले शुल्क वाढवू नये असे कलम होते. कंपनीने आपल्याच सरकारविरुद्ध दाद मागितली. युरोपीय न्यायालयाने 5 फेब्रुवारी 1963 रोजी निकाल दिला की, कराराने राष्ट्रांप्रमाणेच नागरिकांनाही हक्क दिलेले आहेत आणि ते त्यांना आपल्या देशातल्या न्यायालयात बजावता येतात. पाच टक्क्यांच्या फरकावरून झालेल्या या खटल्याने युरोपच्या एकत्रीकरणाला जो कणा दिला, तो अनेक जाहीरनाम्यांनी दिला नसता.

आता आपल्या जिल्ह्यात येतो. 29 सप्टेंबर 2019 रोजी केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. त्यानंतर काही दिवसांतच बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि उद्योजकांच्या सभेत त्यांनी हिंदीतून हसत हसत सांगितले की, स्वयंपाक्याला आता जेवणात कांदा घालू नको असे बजावले आहे. सभागृह हसले. त्यांनी पुढे जे म्हटले ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते : असा निर्णय घेताना आधी कळवले असते तर आम्ही दुसरीकडून सोय केली असती. एका वर्षाच्या आत, 14 सप्टेंबर 2020 रोजी, पुन्हा रातोरात बंदी आली.

त्या दिवशी नेमके काय थांबले, ते जरा जवळून पाहावे. लासलगाव किंवा पिंपळगावच्या लिलावात घेतलेला उन्हाळ कांदा निवडून, गोण्यांत भरून ट्रकमध्ये चढतो आणि सुमारे दोन हजार किलोमीटर जाऊन पश्चिम बंगालच्या सीमेवर, पेट्रापोल, घोजाडांगा, हिली किंवा महादीपूरला, रांगेत उभा राहतो. तोवर पलीकडच्या आयातदाराने बँकेत पतपत्र (पैसे देण्याची बँकेची हमी) उघडलेले असते आणि इकडच्या व्यापाऱ्याने शेतकऱ्याचे पैसे चुकते केलेले असतात किंवा उधारीवर ठेवलेले असतात. आपल्या परकीय व्यापार धोरणात अशा वाटेतल्या मालासाठी संक्रमणकालीन सवलतीची तरतूद आहेच. अचानक निर्बंध आला तरी आधी झालेले व्यवहार पूर्ण करता यावेत, हा तिचा हेतू. 2020 च्या त्या अधिसूचनेत मात्र ही सवलत लागू होणार नाही, असे स्पष्ट शब्दांत लिहिलेले होते. शेकडो ट्रक सीमेवर उभे राहिले. काही दिवसांनी बांगलादेशसाठी 25,000 टनांची खास परवानगी निघाली, तोपर्यंत सप्टेंबरच्या दमट हवेत ताडपत्रीखालचा कांदा पाझरू लागला होता.

8 डिसेंबर 2023 ची बंदी आपल्या ताज्या स्मरणात असेल. चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग शेतकऱ्यांनी रोखला होता आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत बंदी उठली नव्हती. दरम्यान मार्च 2024 मध्ये सहकारी निर्यात संस्थेमार्फत बांगलादेशला 50,000 टन कांदा देण्याचे ठरले. बंदीही आपली आणि अपवादही आपलाच, आणि दोन्ही केव्हा लागू होतील हे पलीकडच्याला वर्तमानपत्रातून कळणार. अशा शेजाऱ्याने आपल्या शेतकऱ्यांना कांद्याचे क्षेत्र वाढवायला सांगावे आणि आयातीसाठी इतर देशांची दारे ठोठवावीत, यात त्याचे काय चुकले? आणि आपण ज्याला निर्यातीचा हक्काचा बाजार म्हणतो तो दरवर्षी थोडा थोडा आकसतो, त्याचा हिशेब कोणत्या मंत्रालयाकडे आहे?

पलीकडची बाजूही स्वच्छ नाही. स्वतःच्या हंगामात भाव पडू नयेत म्हणून बांगलादेश कांद्याचे आयात परवाने थांबवतो. वरूड, मोर्शी, काटोलच्या संत्र्यावरचे आयातशुल्क त्याने 2019 नंतर इतके चढवले की, ते काही वर्षांत किलोमागे चौपटीच्या पुढे गेले आणि राज्य सरकारला निर्यातदारांसाठी अनुदान जाहीर करावे लागले. विदर्भातला बागायतदार ढाक्याबद्दल जी तक्रार करतो, तीच तक्रार ढाक्यातला आयातदार दिल्लीबद्दल करतो. दोघांच्या तक्रारी ऐकून निकाल देईल असे व्यासपीठ उभे करण्याची इच्छा दोन्ही राजधान्यांत दिसत नाही.

तरीही दक्षिण आशियात हे जमतच नाही, असे कोणी म्हणत असेल तर दोन उदाहरणे आपल्याच सरकारच्या दप्तरात आहेत. मालदीवशी 1981 मध्ये झालेल्या व्यापार करारानुसार भारत दरवर्षी तांदूळ, गव्हाचे पीठ, साखर, डाळ, बटाटे, कांदे, अंडी अशा जीवनावश्यक वस्तूंचा ठरावीक कोटा त्या देशाला देतो. 5 एप्रिल 2024 ची त्याबाबतची अधिसूचना मुद्दाम पाहावी. भारतीय सैनिक परत पाठवण्याची घोषणा करून निवडून आलेले सरकार तेव्हा मालेमध्ये होते, समाजमाध्यमांवर बहिष्काराची भाषा चालू होती आणि इकडे कांद्यावर पूर्ण निर्यातबंदी होती. तरीही त्या वर्षासाठी करार झाल्यापासूनचा सर्वांत मोठा कोटा मंजूर झाला आणि ही निर्यात सध्याच्या तसेच भविष्यातील निर्बंधांतून मुक्त राहील, असे अधिसूचनेतच नमूद केले गेले. दुसरे उदाहरण विजेचे. नेपाळची 40 मेगावॅट वीज भारतीय वाहिन्यांतून बांगलादेशला देण्याचा त्रिपक्षीय करार ऑक्टोबर 2024 मध्ये, म्हणजे ढाक्यातील सत्तांतरानंतर, झाला. त्यानंतरच्या काही महिन्यांत भारत-बांगलादेश व्यापार बिघडत गेला : बांगलादेशने जमिनीच्या मार्गाने येणारे भारतीय सूत बंद केले, भारताने एप्रिल 2025 मध्ये त्यांच्या मालाची आपल्या बंदरांतून व विमानतळांतून तिसऱ्या देशांत होणारी पाठवणी थांबवली आणि मे महिन्यात त्यांचे तयार कपडे केवळ न्हावा शेवा आणि कोलकाता या बंदरांतूनच येतील असा आदेश काढला. ज्या कपड्यांना सीमा ओलांडायला काही तास पुरेसे होते, त्यांना श्रीलंकेला वळसा घालून रायगड जिल्ह्यात उतरण्याचा मार्ग दाखवला गेला. त्याच उन्हाळ्यात, 15 जूनपासून, नेपाळची वीज मात्र ठरल्याप्रमाणे बांगलादेशकडे वाहू लागली. राजकीय हवामान एकच होते. एका व्यवहारामागे दर, मुदत आणि जबाबदारी लिहिलेला करार होता, दुसऱ्यामागे सद्भावना होती.

आपल्यातील ज्या सदस्यांनी वस्तू व सेवा कराच्या घटनादुरुस्तीवर मतदान केले, त्यांनी स्वतःच एकत्रीकरणाचा एक मोठा प्रयोग घडवलेला आहे. 1 जुलै 2017 रोजी मुलुंड, दहिसर, मानखुर्दचे जकात नाके बंद झाले. महाराष्ट्रासारख्या औद्योगिक राज्याने आपला करविषयक अधिकार अशा परिषदेच्या हाती दिला, जिथे केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, राज्यांचे मिळून दोन तृतीयांश आणि निर्णयासाठी तीन चतुर्थांश बहुमत लागते. राज्ये तयार झाली ती देशप्रेमाच्या भाषणांनी नव्हे. महसूल दरवर्षी 14 टक्क्यांनी वाढेल असे धरून येणारी तूट पाच वर्षे भरून देण्याचे वचन कायद्यात लिहून दिल्यावर तयार झाली. सार्वभौम राष्ट्रांचे व्यवहार संघराज्याइतके सरळ नसतात हे मान्य करूनही, नुकसानभरपाई आणि मतांचे वजन ही हत्यारे कशी वापरायची हे आपल्या राजकारणाला परके नाही, एवढे यावरून दिसते.

मोठ्या देशाची जबाबदारी हा यातला नाजूक भाग आहे. वॉल्टर मातली यांनी 1999 मध्ये निरनिराळ्या खंडांतील प्रयत्नांची तुलना करून असे दाखवले की, बाजाराची मागणी असूनही एकत्रीकरण तेव्हाच टिकते, जेव्हा गटातला एखादा प्रबळ देश नियमांना बांधून घेतो आणि लहानांच्या तक्रारींचे मोल चुकवतो. युरोपात हे काम बहुतांशी जर्मनीने केले. पूर्व आफ्रिकेत ते कोणी केले नाही. केनिया, युगांडा आणि टांझानिया यांनी 1967 मध्ये स्थापन केलेल्या समुदायाकडे सामायिक रेल्वे, टपाल आणि विमानसेवा होती, पण कारखाने केनियात एकवटत गेले, इदी अमीन यांच्या सत्ताग्रहणानंतर नेत्यांचे एकमेकांशी बोलणे थांबले आणि 1977 मध्ये सगळे मोडले. नवा करार व्हायला 1999 उजाडले. दक्षिण आशियाच्या अर्थव्यवस्थेत भारताचा वाटा तीन चतुर्थांशाहून अधिक आहे, आणि पाकिस्तान-अफगाणिस्तान सोडले तर इथल्या कोणत्याही दोन शेजाऱ्यांची सीमा भारताला वगळून एकमेकांना भिडत नाही. नेपाळला बांगलादेशशी व्यवहार करायचा तर वाट आपल्या अंगणातूनच जाते. 2011 मध्ये भारताने अल्पविकसित शेजाऱ्यांना दारू-तंबाखूच्या 25 बाबी वगळता सर्व मालावर शून्य शुल्काची सवलत दिली, हे पाऊल मोठ्या देशाला शोभणारे होते. मात्र एका हाताने सवलत आणि दुसऱ्या हाताने रातोरात बंदी, असे चालले की लहान देशाच्या लक्षात दुसराच हात राहतो.

यात ओळखीच्या राजकारणाची भर पडते. लिझबेट हूग आणि गॅरी मार्क्स यांनी 2009 मध्ये लिहिले की, एकत्रीकरणाचे निर्णय उद्योगपती आणि अधिकारी यांच्या खोलीतून निघून मतदाराच्या ओळखीच्या प्रश्नाशी जोडले गेले की त्यांचा वेग मंदावतो. सात वर्षांनी ब्रिटनने 52 विरुद्ध 48 टक्क्यांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. आपल्याकडे सीमेची चर्चा घुसखोरी आणि देशभक्ती यांच्या भाषेत होते, म्हणून सामायिक चलन किंवा सामायिक संसद असल्या गोष्टींची भलावण मी इथे करणार नाही. कांदा, संत्री, द्राक्षे, सूत आणि वीज यांच्यापुरता शब्द पक्का करणे हे निवडणुकीच्या राजकारणालाही झेपण्यासारखे आहे.

यासाठी संधीही समोर आहे. ठरलेल्या वेळापत्रकानुसार बांगलादेश 24 नोव्हेंबर 2026 रोजी अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडायचा आहे, आणि त्याबरोबर भारतीय बाजारातील शून्य शुल्काच्या त्याच्या सवलतीचा आधारही जाणार आहे. सर्वंकष व्यापार कराराची बोलणी ढाक्याला तेव्हा आजच्यापेक्षा जास्त हवी असतील. मोरावसिक ज्या घासाघिशीबद्दल लिहितात तिची वेळ हीच आहे : त्यांच्या कपड्यांना आपल्याकडे खात्रीचा प्रवेश, आपल्या संत्र्या-द्राक्षांना त्यांच्याकडे बांधील शुल्कमर्यादा आणि कांद्यासह जीवनावश्यक वस्तूंसाठी दोन्ही बाजूंनी पाळायचा कोटा. कोट्याची मागणी बांगलादेशने डिसेंबर 2022 मध्ये वाणिज्यमंत्र्यांच्या बैठकीत केलेलीच आहे.

यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे. मालदीवची लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास, बांगलादेशची सतरा कोटी. टंचाईच्या वर्षी तेवढा माल बाहेर गेला तर आपल्या ग्राहकाचे काय? जागतिक व्यापार संघटनेचे नियमही अन्नटंचाईत तात्पुरत्या निर्यातबंदीला मुभा देतात. हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच टंचाईचा विचार करारात आधी करायचा असतो. कोळसा-पोलाद समुदायाच्या कराराचे 59 वे कलम तीव्र टंचाई आल्यास उपलब्ध मालाची वाटणी कोणत्या प्राधान्याने आणि कोणी ठरवायची, याविषयीच होते. आपला कोटाही मागील काही वर्षांच्या सरासरी निर्यातीच्या ठरावीक टक्क्यांवर बांधता येईल, देशातील भाव ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्यास तो पूर्वनिश्चित प्रमाणात कमी करता येईल, कपातीआधी निदान तीस दिवसांची सूचना देता येईल आणि गोणीत भरून वाटेला लागलेला माल कोणत्याही स्थितीत अडवला जाणार नाही, एवढे कलम बिनशर्त ठेवता येईल. शेवटच्या कलमाला तर कोणत्याही परदेशी सरकारच्या संमतीची गरज नाही.

म्हणून आपणाकडे तीन विनंत्या आहेत. येत्या अधिवेशनात वाणिज्य मंत्रालयाला असा प्रश्न विचारावा की, मालदीवला 1981 पासून जी हमी आहे ती बांगलादेश, नेपाळ आणि श्रीलंका यांना देण्याचा विचार झाला आहे काय, आणि नसल्यास कोणत्या कारणाने. वाणिज्यविषयक स्थायी समितीवर आपल्यापैकी जे असतील त्यांनी 2019, 2020 आणि 2023 या तीन बंद्यांचा बांगलादेशच्या बाजारातील भारतीय कांद्याच्या वाट्यावर झालेला परिणाम समितीपुढे मागवावा, आणि त्या सुनावणीला लासलगावचे व्यापारी, विदर्भातील संत्रा बागायतदार आणि उत्पादक शेतकऱ्यांच्या संघटना यांना एकत्र बोलवावे. हे गट आजवर वेगवेगळ्या दारांत उभे राहत आले आहेत. तिसरी विनंती 1992 च्या परकीय व्यापार (विकास व नियमन) कायद्याविषयी आहे. त्याच्या तिसऱ्या कलमाखाली केंद्र अधिसूचनेने निर्यात रोखू शकते. नाशवंत शेतमालाबाबत संक्रमणकालीन सवलत अधिसूचनेद्वारे काढून घेता येणार नाही, अशी दुरुस्ती सुचवणारे खासगी विधेयक आपल्यापैकी मंत्रिपदावर नसलेला कोणीही मांडू शकतो, आणि त्यावर 67 पैकी किती सदस्यांच्या पाठिंब्याच्या सह्या होतात ते पक्षभेदापलीकडे पाहण्याची उत्सुकता कांदापट्ट्यातल्या मतदाराला नक्कीच असेल. मसुद्यासाठी काही मदत लागल्यास आमच्या विभागातील सहकारी आणि विद्यार्थी ती आनंदाने करतील.

कळावे,

आपला विश्वासू,
नाशिक जिल्ह्यातील एक मतदार आणि राज्यशास्त्राचा शिक्षक